टाचांचा केसपेपर

१९७२ साल, दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. रक्कम चार आणे. ठिकाण, नगरच्या एका मोठ्या दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. हजर असलेली माणसं चार : मी, माझी पत्नी, तिची थोरली बहीण आणि त्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. पैसे मी दिले. साडूभाऊ देऊ शकत नव्हते, कारण त्यांचा उजवा हात खिडकीच्या उंचीपर्यंत जात नव्हता आणि डाव्या हातानं त्यांनी डोक्यावरची टोपी धरून ठेवली होती. टोपी माझी होती. उडून जाईल असं वारं काही नव्हतं. ही टोपी आपली नव्हे, घटकाभर सांभाळायला घेतली आहे, एवढं खिडकीतल्या कारकुनाला कळावं म्हणून त्यांनी ती धरली होती.

मिरजगावपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लग्न झालेला आणि आमच्या साडूभाऊंचा हात डोक्यावरून न फिरलेला पुरुष कुणाला भेटला, तर त्यानं पळून जाऊन लग्न केलं असेल, नाही तर तो खोटं बोलत असेल. तसे साडूभाऊ शेतकरी. जमीन कोरडवाहू, विहीर एक, तिला पाणी देवाच्या मनात असेल तेव्हा. पण त्यांच्या ज्वारीचं कुणी कधी नाव काढलं नाही. नाव निघायचं ते त्यांच्या फेट्याचं. ते बांधत त्या फेट्याला टाचणी लागत नसे, गाठ लागत नसे, आणि वरात घोड्यावरून गावभर हिंडून आली तरी त्याची घडी हलत नसे. माणूस त्यांच्या लक्षात राहायचा तो डोक्यावरून. नाव, गाव, भावकी सगळं सांगून झालं तरी त्यांच्या कपाळावरची आठी जात नसे; मग एकदम चेहरा उजळायचा आणि ते म्हणायचे, "असं व्हय! त्यो मागून चपटा!" एकदा मामलेदार कचेरीत सातबाऱ्याच्या कामासाठी आम्ही बरोबर गेलो होतो. साहेब बोलत होते आणि साडूभाऊ त्यांच्या डोक्याकडे अशा मायेनं बघत होते की साहेबांनी बोलता बोलता दोनदा केसांवरून हात फिरवला. बाहेर आल्यावर काम झालं की नाही हे यांना ठाऊक नव्हतं. "डोस्कं लई गोल हाय," एवढंच ते म्हणाले. "कोशा फेटा झाक बसंल."

माझी आणि त्यांची पहिली ओळखही डोक्यावरूनच झाली. माझ्या लग्नात मांडवामागच्या खोलीत मला पाटावर बसवून त्यांनी माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, उन्हाळी कलिंगड पारखावं तसं इकडून तिकडून दाबून पाहिलं, आणि माझ्या मेहुण्याला म्हणाले की पाव्हणं माणूस चांगला दिसतोय, पण आकडेमोडीनं वरचा भाग जड झालाय. मी तेव्हा हिशेब खात्यात नुकताच लागलो होतो. फेटा मात्र असा बांधला की त्या दिवशीच्या फोटोत मी मला ओळखू येत नाही. या कामाचे पैसे त्यांनी जन्मात कधी घेतले नाहीत. ज्याच्या डोक्याला फेटा बांधला त्यानं उठून त्यांच्या हातात एक नारळ द्यायचा, एवढाच रिवाज.

आणखी एक रिवाज त्यांनी फार काटेकोर पाळला. नवरदेवाला फेटा बांधायचा तो बसवून. व्याह्याला मानाचा फेटा मुलीच्या बापानं बांधायचा तो उभ्यानं. यामागचं कारण त्यांनी मला एकदा एसटीच्या थांब्यावर गाडी येईपर्यंत समजावून सांगितलं होतं. नवरदेव पोरगा असतो, त्याच्या डोक्यावरून वरून हात फिरवला तर शोभतं. व्याही बरोबरीचा. त्याला खाली बसवून बांधलं तर तो आशीर्वाद झाला, मान झाला नाही.

फेट्याचं हे वेड माणसांच्या डोक्यांपुरतंच राहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण पोळ्याला बैलांच्या शिंगांना, नवीन ऑईल इंजिनाच्या टाकीला, एकदा तर सोसायटीच्या कुलपाला साडूभाऊंनी फेटे बांधलेले आहेत. बाहत्तरच्या आषाढात मिरजगावात एकानं पिठाची नवी गिरणी घातली. पावसानं दडी मारली होती, दळायला दाणे कुठून येणार याचीच गावाला काळजी. अशा वेळी निदान गिरणीला तरी मान मिळावा म्हणून साडूभाऊ स्टुलावर चढले आणि तिच्या वरच्या पत्र्याच्या तोंडाला फेटा बांधू लागले. शेवटचा पीळ खोचताना स्टुलाचा पाय निसटला. नारळ फुटायच्या आधी साडूभाऊंचं खांद्याजवळचं हाड मोडलं. लोक सांगतात की पडलेल्या जागेवरून त्यांनी पहिली विचारपूस केली ती गिरणीच्या फेट्याची. तो जागचा हलला नव्हता.

हाड बसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन आठवडे हात झोळीत ठेवा, मग झोळी काढून हळूहळू हलवायला लागा. इथं जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दवाखान्यातली पांढऱ्या फडक्याची झोळी साडूभाऊंना पसंत पडली नाही. त्यांनी पेटीतला गुलाबी रेशमी फेटा काढला आणि स्वतः शेजारी बसून, एकेक चुणी सांगत, आक्कांकडून, म्हणजे माझ्या मेहुणीकडून, त्याची झोळी बांधून घेतली. खांद्यावर पीळ, कोपराशी पंखा, आणि पाठीवर वीतभर शेमला सोडलेला. ती झोळी बघायला माणसं येऊ लागली. बाजारच्या दिवशी कर्जतहून आलेले लोक वाट वाकडी करून येत. एवढी कौतुकाची वस्तू तीन आठवड्यांत कोण काढून ठेवील? पोळा झाला, गणपती झाले, दसऱ्याला तर त्यांनी झोळी सोडून केशरी फेट्याची नव्यानं बांधून घेतली. दिवाळीत आक्कांनी कंटाळून ती काढायला लावली तेव्हा आत हात होता, पण तो बरगड्यांना चिकटून बसला होता. पुढून छातीपर्यंतही जाईना. स्वतःचा फेटा स्वतः बांधायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. साडूभाऊंनी तीन दिवस दार लावून खटपट केली आणि चौथ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दुसऱ्या कुणाकडून फेटा बांधून घेणं त्यांना शक्यच नव्हतं. सगळ्या तालुक्याला फेटे बांधणारा माणूस डोकं कुणापुढे करणार?

याच दिवाळीत त्यांच्या कुसुमचं लग्न ठरलं होतं. साडूभाऊंची ती एकुलती एक मुलगी. स्थळ अकोल्याकडचं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, आणि होणारे व्याही असे उंच की एसटीच्या दारातून वाकल्याशिवाय उतरता येत नसे. मुहूर्त वैशाखातला धरला होता. साडूभाऊंनी आक्कांना सांगून टाकलं की हात वर गेला तर वैशाखात लग्न, नाही गेला तर पुढच्या वर्षी बघू. व्याह्याला फेटा बांधल्याशिवाय मुलगी मांडवाबाहेर जाणार नाही. व्याह्यांच्या कानावर हे गेलं. माणूस समजूतदार. त्यांनी निरोप धाडला की हाताला त्रास देऊ नका, नगरला तयार बांधलेले फेटे मिळतात, एक विकत आणू, तुम्ही नुसता डोक्यावर ठेवा. साडूभाऊ निरोप्याला म्हणाले, "तयार फेटा? मग नवरी बी फोटूतलीच न्या म्हनावं." निरोप्यानं हे तिकडे सांगितलं नाही, हे आमचं नशीब.

बोलले तसे, पण बोलून झाल्यावर ते घरात जाऊन बसले. कुसुम त्या दिवशी मला सोडायला थांब्यापर्यंत आली होती. एरवी वडिलांसारखीच बडबडी. त्या दिवशी वाटभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "काका, लगीन पुढं गेलं तरी चालंल. पन अप्पाला टावेलात बघवत न्हाई." त्याच्या पुढच्या मंगळवारी मी त्यांना नगरला आणलं. टॉवेल गुंडाळून दवाखान्यात नेणं माझ्या पत्नीला बरं दिसेना, म्हणून तिनं माझी टोपी दिली.

डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की हाड उत्तम जुळलंय, सांधा आखडलाय. औषध नाही, व्यायाम. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांब खोली होती. लोक तिला व्यायामाची खोली म्हणत. भिंतीवर एक मोठं लाकडी चाक, त्याला मूठ. त्याच्या शेजारी एक अरुंद पट्टी, तिला बोटभर अंतरावर खाचा. बोटं एकेका खाचेवर ठेवत हात वर चढवायचा. छताला कप्पी, कप्पीतून दोर, दोराच्या दोन टोकांना दोन मुठी. चांगल्या हातानं ओढायचं म्हणजे दुखरा हात वर जातो. आणि हे सगळं चालवणाऱ्या एक बाई, तिशीच्या आतबाहेरच्या, मुंबईला शिकून आलेल्या, बोलणं थोडं आणि सरळ. दिवसभर येणारी-जाणारी माणसं. दवाखान्यात राहायचं नाही. यायचं, शिकायचं, घरी जाऊन तेच करायचं आणि पुन्हा दाखवायला यायचं. सगळा भरवसा माणूस घरी काय करतो यावर. साडूभाऊंनी खोलीभर नजर फिरवली, कप्पीपाशी थांबले, वर बघितलं, खाली बघितलं आणि बाईंना म्हणाले की आमच्याकडं विहिरीवर असाच रहाट हाय, पण त्यो बी औंदा कोरडाच ओढावा लागतोय. बाई हसल्या. मग त्यांचा हात धरून हळूच बाजूला न्यायला लागल्या आणि साडूभाऊंचं हसू गेलं.

दुखत होतं, आणि चांगलंच दुखत होतं. शेकाच्या पिशवीनं खांदा गरम करून बाई हात जिथं अडतो तिथपर्यंत नेत आणि तिथं थोडा वेळ धरून ठेवत. साडूभाऊ ओरडले नाहीत. डोळे मिटून ते मनात फेटा बांधत. "पयला पीळ... आता कानावरनं... दुसरा पीळ," असं पुटपुटणं चालू असे. बाईंना हे पसंत पडलं. त्या म्हणत, "काका, आज कुठपर्यंत आलात?" आणि साडूभाऊ सांगत, "तिसऱ्या पिळावर हाय, घाई करू नका." मंगळवारी आणि शुक्रवारी खोलीत जायचं, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी रात्री ते नगरला आमच्या घरी मुक्कामाला येत. पत्नी त्यांना दाजी म्हणते आणि दाजींच्या ताटात भाकरी वाढताना हात आखडत नाही. त्या दुष्काळात ज्वारीचा भाव काय होता ते मी इथं लिहीत नाही, कारण साडूभाऊंची भाकरी मोजली असं व्हायला नको.

महिनाभरात हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला. मग साडूभाऊंना धीर निघेना. एका मंगळवारी त्यांनी पिशवीतून फेटा नेला आणि बाई दुसऱ्या खोलीत गेल्या आहेत असं बघून गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला बुटक्या स्टुलावर बसवून बांधून टाकला. पुढच्या खेपेला एका बाजूनं लुळे पडलेले एक मास्तर सापडले. शर्टाची गुंडी आपल्या हातानं लावायला ते महिनाभर झटत होते आणि लावता येईना म्हणून कुणाशी बोलत नसत. साडूभाऊंनी त्यांना फेटा बांधला, समोर आरसा धरला, आणि मास्तर तोंडाच्या एका बाजूनं हसले. खोलीत टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाई आल्या. फेट्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या म्हणाल्या, "परत बांधून दाखवा." साडूभाऊंनी खुशीत सोडून परत बांधला. बाई त्यांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. बांधून झाल्यावर साडूभाऊ वळले.

"बांधला का न्हाई?"

"फेटा बांधलात," बाई म्हणाल्या. "हात होता तिथंच आहे. खांदा कानाला लावता, कमरेतून वाकता आणि माणसाला खाली बसवता. तुम्ही हात वर नेत नाही काका, सगळ्या जगाला खाली आणता."

साडूभाऊंनी फेटा गुंडाळून पिशवीत घातला, माझी टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर आले. घरी आल्यावर ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले. पत्नीनं दोनदा विचारलं, दाजी, भाजी आवडली नाही का? शेवटी मला म्हणाले की ती बाई खरं बोलली. उभ्या व्याह्याला मी कसा बांधणार? त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या मंगळवारी ते येतील की नाही अशी मला शंका होती. ते आले. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला तो त्या मंगळवारपासून. कुसुमच्या लग्नात वाटलेला अभिमान त्यानंतरचा.

बाईंनी फेटा बंद केला नाही. त्या म्हणाल्या, घरी रोज बांधा, पण अट एक : खांदा कानाकडे जाता कामा नये, आणि कमरेतून वाकायचं नाही. डोक्याच्या जागी काहीतरी ठेवा, आणि ते हळूहळू उंच करा. आमच्या परसात कमरेएवढी भिंत होती आणि न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या विटा होत्या. भिंतीवर विटा, विटांवर पालथं मडकं, मडक्याला फेटा, असं सुरू झालं. मडकं रिकामंच होतं, नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं. जमलं की आणखी एक वीट चढायची. मी मागे उभा राहून त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवायचा आणि खांदा वर उचलला गेला की "खांदा" म्हणायचं. म्हटलं की तो पीळ बाद, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या हातून एकही खांदा सुटला नाही. "पाव्हणं," एका संध्याकाळी ते कळवळून म्हणाले, "तुमी माझं साडू हाय का सरकारी तपासनीस?" मी म्हटलं, दोन्ही. शेजारच्या काकूंनी काही दिवस कुंपणावरून हे बघितलं आणि मग एका सकाळी आम्हाला मडक्याला हळदकुंकू वाहिलेलं दिसलं. साडूभाऊंनी ते पुसू दिलं नाही. व्याह्याला मान आधीच मिळायला लागला म्हणाले.

विटा किती चढवायच्या हे ठरवायला व्याह्यांची उंची हवी होती. माघात मी लग्नाच्या बोलणीसाठी अकोल्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या दाराच्या चौकटीशी व्याही टेकले होते, ती खूण मी डोळ्यांत धरली आणि ते आत गेल्यावर वितीनं मोजली. पाच फूट अकरा इंच. साडूभाऊ पाच फूट तीन. घरी येऊन मी भिंतीवर खडूनं रेघ मारली. साडूभाऊंनी डावा हात त्या रेघेपर्यंत लावून बघितला. "एवढा उंच मानूस आपल्या पोरीला सासरा कशाला बगितला आपन," म्हणाले, आणि मडक्याकडे वळले. त्या दिवसांत गावाकडची बरीचशी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. साडूभाऊही घरी असले की जात. डाव्या हातानं हातोडी आणि उजव्या हातानं खडी उचलून ढिगावर टाकायची. बाईंनी उजव्या हाताला तेवढी मोकळीक दिली होती. दुपारच्या सुट्टीत बाभळीला बांधलेल्या दोरावर त्यांची कप्पी चाले. सुरुवातीला माणसं हसली. पुढे एकाच्या आखडलेल्या कोपरालाही त्यांनी तो दोर ओढायला लावला, आणि वर सांगितलं की नगरला बाईंना दाखवून ये, मला सगळं कळत न्हाई.

चैत्रात एका शुक्रवारी ते व्यायामाच्या खोलीत फेटा बांधून आले. स्वतःचा, स्वतःच्या हातांनी. एका बाजूला किंचित ढिला होता. असा त्यांनी दुसऱ्याला बांधला असता तर त्यांना झोप लागली नसती. माझी टोपी त्यांनी धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून परत आणली होती. मास्तरांनी तो फेटा बघितला आणि आपल्या शर्टाच्या वरच्या गुंडीकडे बोट केलं. ती लावलेली होती. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या कौतुक करत नसत. पण त्या दिवशी ज्याला हाक मारली त्याचं नाव त्यांनी दोनदा चुकीचं घेतलं.

लग्न वैशाखातच झालं. साल दुष्काळाचं, त्यामुळे पंगत आखडती, वाजंत्री दोन, मांडव लहान. बाई नगरहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. बायकांत बसायला जागा दिली तर त्या म्हणाल्या, मला इथं खांबापाशी बरं, आणि साडूभाऊंची पाठ दिसेल अशा बेतानं उभ्या राहिल्या. नवरदेवाचा फेटा आत, त्याला बसवून, बांधून झाला होता. मग व्याही मांडवात उभे राहिले. त्यांनी टोपी काढून मुलाच्या हातात दिली. साडूभाऊंनी फेट्याचं टोक दातांत धरलं आणि सुरुवात केली.

पहिले पीळ कानाच्या उंचीवरचे, ते सहज गेले. सगळा मांडव बघत होता. कुसुम मुंडावळ्यांतून बघत होती. मग कापड वर चढायला लागलं. साडूभाऊंचा उजवा दंड कानाजवळ आला आणि थांबला. कपाळावर घाम दिसायला लागला. माझा हात नकळत पुढे झाला, जसा परसात त्यांच्या खांद्यावर असायचा तसा. खांदा जागेवर होता. शेवटचं टोक डोक्याच्या मध्यावर खोचायचं राहिलं होतं, आणि हाताला दोन बोटं कमी पडत होती. व्याही भला माणूस. त्यांना ते कळलं. कुणाच्या लक्षात येणार नाही इतके हळू ते गुडघ्यांतून वाकायला लागले.

साडूभाऊ दातांतलं टोक सोडून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "व्याही, ताठ ऱ्हावा. बाई बघत्यात."

व्याही सरळ झाले. सगळे पाच फूट अकरा इंच सरळ झाले. साडूभाऊंनी एक श्वास घेतला, हात वर गेला, आणखी वर गेला, आणि टोक जिथं जायचं तिथं गेलं. त्यांनी पाठीवरचा शेमला एकदा हातानं सरळ केला आणि मागे होऊन बघितलं. फेटा देखणा होता. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ बेरजा जुळताना बघितल्या आहेत. जुळल्यावर कागद दिसेनासा झाला असं एरवी कधी झालेलं नाही. त्या दिवशी मला समोरचा मांडव नीट दिसेना.

रिवाजाप्रमाणे व्याह्यांनी साडूभाऊंच्या हातात नारळ दिला. साडूभाऊ तो घेऊन खांबापाशी गेले आणि तो बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी घेतला. मग त्या म्हणाल्या, "खांदा बरोबर होता काका. कमरही वाकली नाही. पण शेवटी टाचा उचललेल्या मी बघितल्या."

"बाई," साडूभाऊ म्हणाले, "टाचांचा केसपेपर काढल्याला न्हाई."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की भटजी मंत्र विसरले.

याला आता तीन वर्षं होतील. साडूभाऊंचा हात आजही ती दोन बोटं कमीच जातो. बाईंनी आधीच सांगितलं होतं की सगळा येईल असं वचन मी देत नाही, तुमच्या कामापुरता आणू. कामापुरता आला. पण काम कमी व्हायला लागलं आहे. कर्जतला आता तयार फेटे भाड्यानं मिळतात, मुलं बोडक्यानं घोड्यावर बसतात, आणि गेल्या मोसमात साडूभाऊंकडे आलेले नारळ आक्कांना एका कडबोळ्याच्या डब्यात ठेवता आले. बाईंची बदली की लग्न, काय ते नक्की कळलं नाही, त्या गेल्या. खोलीत नवे गृहस्थ आहेत, तेही चांगले आहेत. मास्तर काठी न घेता बाजारात दिसतात.

साडूभाऊ मात्र नगरला काही काम निघालं, आणि महिन्यातून एकदा ते निघतंच, की व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. हात गळ्यात बांधून कुणी आलेलं दिसलं की त्याच्या शेजारी सरकतात. मागच्या शुक्रवारी एक ऊसतोडीची बाई होती, झोळी पदराची, छान बांधलेली. साडूभाऊंनी झोळीचं आधी मनापासून कौतुक केलं. मग आपला फेटा सोडून मांडीवर घेतला आणि तिच्यासमोर पहिल्या पिळापासून शेवटापर्यंत सावकाश बांधला. "डाक्टर म्हनतील त्या दिवशी झोळी काढायची," म्हणाले. "लई झाक असली तरी काढायची." ती बाई हसली नाही. तिनं झोळीकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

केसपेपर असल्याशिवाय त्या बाकावर बसू देत नाहीत. म्हणून आल्यावर साडूभाऊ आधी खिडकीवर जातात. त्या शुक्रवारीही गेले, मी बरोबर होतो. मी खिशात हात घातला तर त्यांनी मला थांबवलं आणि चार आणे आपल्या उजव्या हातानं खिडकीतल्या कारकुनाला दिले. कारकून नवा होता. त्यानं मान वर न करता विचारलं, काय दुखतं?

"टाचा," साडूभाऊ म्हणाले. "टाचा लिवा."